कूलर बंद करा!

"हर्षानंच पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं असन! त्या पोरीचे लाड पाहून हिच्या पोटात दुखून राहिलं, दुसरं काय!"

पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांची सालं काढता काढता आई कुरकुरत होती. तिला काय ठाऊक, की तिच्या पायाजवळच, ओट्याखाली सिलिंडरच्या मागे, हर्षा टॉर्च घेऊन पालथी पडली आहे!

शेजारी खुर्चीवर बसलेले आबाजी नुसते "हं" म्हणाले. एरवी नातीची बाजू घेऊन साऱ्या घराशी भांडणारे आबाजी, आणि आज फक्त "हं"?

हर्षाचे डोळे भरून आले. केसांत कोळ्याचं जाळं, नाकात झुरळांच्या औषधाचा वास, आणि वर हे! ज्या बुंदीला ती सकाळपासून शोधत होती, तिला पळवल्याचा आळ तिच्यावरच!

बुंदी म्हणजे रितिकाची हॅमस्टर, छोट्या उंदरासारखी. लाडवासारखी गोल, केशरी आणि गालांत दाणे कोंबून बसणारी. आणि रितिका म्हणजे हर्षाची पुण्याची आतेबहीण. सुट्टी लागताच पिंजरा मांडीवर घेऊन ती नागपूरला आली होती. तेव्हापासून घरात एकच जप, रितू, रितू, रितू! खोलीत खिडकीकडची जागा, म्हणजे थेट कूलरच्या झोतातली, रितूला. आंब्याची कोय रितूला. दोन वर्षांपासून हर्षा मागत होती तो पोहण्याचा क्लास, तोही रितूला!

"ती परत कधी जाणार?" असं हर्षानं विचारलं, की आईला गॅसवरचं दूध आठवायचं, बाबांना फोन करायचा असायचा आणि आबाजी चष्मा शोधायला लागायचे. चष्मा त्यांच्या नाकावरच असायचा!

तर, हर्षाच्या पोटात दुखत होतं का? दुखत होतं. चांगलं कळ येऊन दुखत होतं. पण पिंजऱ्याचं दार तिनं उघडलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं!

तेवढ्यात बाबा घामानं ओलेचिंब होऊन आत आले. हातात भोकं पाडलेला खोका.

"मिळाली गा बाप्पा! सीताबर्डीचा अख्खा बाजार पालथा घातला. रंग पाहा, सेम टू सेम! रितू क्लासमधून याच्या आत पिंजऱ्यात टाका. अन् हर्षा कुठी आहे? हर्षे! रितूले एक शब्दही सांगाचा नाही, समजलं?"

ओट्याखालून आवाज आला, "समजलं!"

आईच्या हातातली कैरी खाली पडली.

रितू पोहून आली. ओल्या केसांनी पिंजऱ्यासमोर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. आई, बाबा, आबाजी तिघं श्वास रोखून उभे!

"किती छान दिसतेय आज," रितू म्हणाली. तिघांनी एकदम सुस्कारा सोडला.

पण हर्षाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. रोज आल्या आल्या रितू जाळीतून बोट आत घालायची. आज तिनं हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

जेवणानंतर हर्षानं शेजारच्या वैभवला जिन्यावर गाठलं. वैभव सातवीत होता आणि आपण मोठे गुप्तहेर आहोत असं त्याला तिसरीपासून वाटत होतं.

"म्हणजे पिंजऱ्यात डुप्लिकेट आहे?" तो ओरडलाच. "अन् खरी बुंदी घरातच? जबरदस्त केस आहे वं!"

"हळू बोल ना! रितूले कळलं तं..."

"मला कळलंय," वरच्या पायरीवरून आवाज आला. रितू गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. "बुंदीच्या डाव्या कानाला खाच आहे. हिच्या नाहीये."

"मग बोलली काहून नाही?" हर्षानं विचारलं.

"मामा किती घामाघूम झाले होते! सगळ्यांनी एवढी मेहनत घेतली. त्यांना वाटतं मला काही कळत नाही." मग तिनं हर्षाकडे पाहिलं. "दार तू नाही उघडलंस, हेही मला माहितीये. तू चिडलीस की समोर येऊन चिडतेस."

हर्षाला बरं वाटायला हवं होतं. पण ती आणखीच वैतागली. लाडकी आहे ती आहे, आता चांगलंसुद्धा असायचं होतं का हिला? आणि वैभव तर लगेच रितूच्या शेजारी जाऊन बसला. "तू डोकेबाज आहेस गं!" म्हणे. आजवर हर्षाला कधी डोकेबाज म्हणाला होता?

पण भांडायला वेळ नव्हता. मे महिन्यातलं नागपूर! एवढासा जीव पाण्यावाचून किती तग धरणार?

"प्रत्येक खोलीत शेंगदाणे ठेवू," हर्षा म्हणाली. "जिथले जातील, तिथं ती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकी सगळे दाणे जागच्या जागी होते. मागच्या खोलीतले मात्र साफ! पण ती खोली म्हणजे अडगळच होती. ट्रंका, गाद्या, आबाजी विणकाम करायचे त्या हातमागाची लाकडं, मोटर जळालेला जुना कूलर. दुपारपर्यंत तिघांनी सगळं उलथंपालथं केलं. बुंदीचा पत्ता नाही!

"कुरतडल्याचा आवाज तरी यायला हवा," रितू रडकुंडीला आली होती.

हर्षा एकदम थांबली. आवाज! घरातले तीन कूलर दिवसभर घरघरत होते. त्या घरघरीत माणसांनासुद्धा एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. तिथं बुंदीचं कुरतडणं कुणाला ऐकू येणार?

ती धावत आईकडे गेली. "आई, पाच मिनिटं कूलर बंद कर ना!"

"कूलर? दुपारी? वेड लागलं का वं तुले?" आईनं कूस बदलली.

हर्षानं परत येऊन वैभवकडे पाहिलं. वैभवनं व्हरांड्यातल्या मेन स्विचकडे पाहिलं. पुढे बोलायची गरजच पडली नाही!

खट्!

घर एकदम गप्प झालं. कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती इतकी शांतता! आणि त्या शांततेत पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज दणकन आदळला. कूलरवर मात करायच्या सवयीनं ते फोनवर ओरडत होते,

"...तुमच्या दोघांची घरं वेगळी झाली, ठीक आहे! रितूचं नावही इथल्या शाळेत घातलं! पण पोरीले सांगाले कोणी तयार नाही, त्याचं काय?"

मग बाबांना ती शांतता कळली असावी. आवाज तुटला.

हर्षाच्या मनात पहिला विचार आला तो असा, 'म्हणजे खिडकीकडची जागा कायमची गेली!' आणि मग तिचं लक्ष रितूच्या हाताकडे गेलं. ट्रंकेची कडी तिनं इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"रितू..."

"श्श!" रितू कुजबुजली. "ऐक!"

कुर्र... कुर्र... कुर्र...

जुना कूलर! हर्षानं बाजूची जाळी ओढून काढली. आतल्या गवताचं छान गोल घरटं झालं होतं आणि त्यात दोन्ही गाल फुगवून बुंदी बसली होती. डाव्या कानाला खाच!

"सापडली!" तिघंही किंचाळले. रितूनं बुंदीला छातीशी धरलं. बुंदीला काकडीची फोड दिली, तशी ती पुढच्या दोन्ही पायांत धरून खायलाच लागली.

"लाइन कशी गेली गा?" म्हणत मोठी माणसं घाम पुसत तिथं पोचली आणि रितूच्या हातातली बुंदी पाहून दारातच थबकली.

"मग पिंजऱ्यात कोण आहे?" हर्षानं कमरेवर हात ठेवून विचारलं. बाबा छताकडे बघू लागले.

"अन् दार म्या नव्हतं उघडलं!"

"मीच उघडलं," आबाजी हळूच म्हणाले. "पिंजरा कूलरसमोर ठेवला ना! अन् कूलर लावला का दार थोडं उघडं ठेवाच लागते, नाही तं दमट होते. म्हटलं, तिचाही जीव गुदमरत असन."

सगळ्यांना एकदम हसू फुटलं. आईनं हर्षाला जवळ ओढून तिच्या केसांत पुन्हा अडकलेलं जाळं काढलं. "चुकलं माझं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

"शाब्बास रे पोरांनो!" बाबा म्हणाले. "आम्ही बाजार पालथा घातला अन् तुम्ही नुसते कान लावून शोधली!"

"आता दोन झाल्या," वैभव म्हणाला. "पण एका पिंजऱ्यात नाही ठेवता येत हं. ह्या भांडतात."

"मग दुसरीला दुकानात परत पाठवा," रितू बुंदीच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "ती जास्तीची आहे. जास्तीचं कुणालाच नको असतं."

हसू विझलं. ती हॅमस्टरबद्दल बोलत नव्हती, हे सगळ्यांना कळलं. आईला गॅसवरचं दूध आठवलं. बाबांनी फोन चाचपला. आबाजींचा हात चष्म्याकडे गेला.

हर्षानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कोणीच बोलत नाही? कोणीच नाही?

"कोणी परत जाणार नाही!" ती ओरडली. कूलर बंद असल्यामुळे ते फारच मोठ्यानं ऐकू आलं. "रितू, आत्या अन् काका आता एका घरात राहणार नाहीत. तू आमच्याकडेच राहणार आहेस. शाळेतही इथंच जाणार. मले ते अजून आवडून नाही राहिलं, खोटं काहून सांगू? पण तू जास्तीची नाहीस. आपण दुसरा पिंजरा आणू. अन् खिडकीकडची जागा एक दिवस तुझी, एक दिवस माझी!"