उंबऱ्याची खडी

बसा निवांत. आमच्या माले गावात मी घातलेला कुठलाबी स्लॅब दाखवा, गळत असंल तर मिशी उतरवीन. मोडक्या घराचा राडारोडा फोडून त्याचीच खडी काँक्रीटात घालायची, ही माझी रीत. लोक हसायचे. हसू देत. माती चाळायची, विटांचे तुकडे आदल्या दिवशी भिजत घालायचे, म्हणजे ते सिमेंटचं पाणी पीत न्हाईत. मग काय बिशाद हाय तडा जायची!

त्या साली सिमेंट परमिटवर, अन् खडीची गाडी पौडाच्या फुडं यायला तयार न्हाई. गोजराबाईला घाई. सून अनुसया बाळंतपणाला माहेरी गेल्याली, ती तान्ह्याला घेऊन येईस्तवर पक्कं घर हवं. मी तिचं जुनं घर पाडून तितंच खडी फोडायला घेतली.

दगडी उंबऱ्यापाशी गोजराबाई आडवी आली. लेकाची पहिली बायको रत्ना, पोटातल्या पोरासकट गेल्याली. बाळंतपणात गेलेली बाई परत आत येऊ नये म्हणून आमच्यात उंबऱ्यात खिळे ठोकतात, तसे तिनं ठोकले होते. मी म्हणालो, खिळे नव्या सागवानी उंबऱ्यात ठोकतो, दगड तो दगड. तिला पटलं. त्या काळ्या दगडाची खडी लई झकास निघाली.

स्लॅब पिकायचे दिवस भरल्यावर भर दुपारी त्याच्या खालच्या फळ्या उतरवल्या. बाळंतिणीच्या धुरीचा वास सुटला... वर बघितलं. काँक्रीटात बाईची अनवाणी पावलं, खोल रुतल्याली. दारापासून पाळण्याच्या कडीकडं. फळ्या मात्र कोऱ्या.

"बहिरू..." गोजराबाई वर बघतच म्हणाली. "ती उंबऱ्यापाशी थांबल्याली. तू तिला फोडून घरात आणलीस."

मी गिलावा मारून सगळं बुजवलं. अनुसया आली, बारसं झालं, पाळणा त्याच कडीला टांगला.

पावसाळा सरला आणि मला बोलावणं आलं. गिलाव्यावर पावलं उमटली होती. आता कडीकडून दाराकडं, परतीची. अन् त्यांच्या शेजारी चिमुकली पावलं...

मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू. तरी म्हणालो, पोर तर तुझ्या मांडीवर हाय अनुसया, अजून रांगतसुदीक न्हाई ते.

तिनं दुपटं बाजूला केलं आणि पोराचे पाय माझ्याफुडं धरले. तळव्यांना सिमेंट लागलं होतं. मी बोट लावून बघितलं. ओलं होतं.