आधी आलेला

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. विश्वास बसत नसेल तर माझ्या बायकोला विचारा.

ती सांगेल, असं काही घडलंच नाही.

तीच तर भीतीची गोष्ट आहे.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र लागते, दिवे जावे लागतात, कुत्री रडावी लागतात. माझा नाइलाज आहे. आमच्याकडे जे यायचं ते रविवारी सकाळी यायचं. लख्ख उन्हात. शेजारी चादरी वाळत घालत असताना. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चालू असूनही जिन्याने.

आधी आमची ओळख करून देतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. "आता स्पष्ट दिसतंय का?" असं मी झोपेतही विचारतो, हे बायकोचं म्हणणं. बायको औषधांच्या दुकानात असते. पाच वर्षांच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण हरवली की ती साखरेच्या डब्यापाशी सापडते. आणि मी माउंटन बाइकच्या शर्यतींत उतरतो. हौशी गटात. हौशी म्हणजे पडायचं खऱ्या खेळाडूंसारखंच, फक्त फोटो कुणी काढत नाही.

बायकोशी माझा तह झाला होता. रविवारी पहाटे मी गावामागच्या टेकडीवर सायकल घेऊन जायचं. नाश्ता गार व्हायच्या आत परत यायचं. मग मुंगीच्या वेण्या, आणि आठवडाभर साठलेली घरातली कामं.

तह मी दर रविवारी मोडायचो. टेकडीवर एक उतार असा आहे की एकदा उतरलं की परत चढून पुन्हा उतरावंसं वाटतं. नाश्ता गार व्हायचा. बायको त्याहून गार व्हायची.

त्या रविवारी मी नेहमीपेक्षाही उशिरा परतलो. लिफ्टच्या दारात उभा राहून थाप जुळवत होतो. पंक्चर मागच्याच रविवारी वापरून झालं होतं.

लिफ्टमधून बाहेर आलो आणि थबकलो...

जिन्याच्या पायऱ्यांवर चिखलाचा माग होता. टायरचा. ओला. खालून वर आलेला.

तो आमच्या दारापर्यंत जात होता.

माझी सायकल माझ्या हातात होती. तिचे टायर कोरडे होते.

दार बायकोने उघडलं. हसत.

"सायकल धुवायला एवढा वेळ? मला वाटलं आंघोळच घालतोयस तिला."

"धुवायला?"

"तूच म्हणालास ना, खाली जाऊन सायकल धुवून येतो. चल, चहा ठेवते परत."

मी आत आलो. मुंगीच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. सरळ, सारख्या. मी घातलेल्या वेण्या घड्याळाच्या काट्यांसारख्या दोन दिशांना जातात.

घरात काहीतरी चुकत होतं. कसला तरी आवाज कमी होता...

स्वयंपाकघराचा नळ.

तो दोन महिने ठिबकत होता. त्याचा वायसर बदलायचं मी रोज उद्यावर टाकत होतो.

आज तो ठिबकत नव्हता.

"किती बरं वाटतंय रे कानांना," बायको म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावून गेली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच ओरडायला हवं होतंस. अहो, बायको दोन महिन्यांनी गालाला हात लावतेय. अशा वेळी माणूस "नळ मी दुरुस्त केला नाही" असं ओरडेल?

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

पुढच्या रविवारी मुद्दाम उशीर केला. बघू तरी.

परत आलो तर पडद्याचा दांडा सरळ झाला होता. माळ्यावरचा पंखा पुसून खाली आला होता. बायको गुणगुणत होती. आमच्या लग्नानंतर ती एकदाच गुणगुणली होती, भूल उतरताना.

त्याच्या पुढच्या रविवारी मी दाराबाहेर उभा होतो आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. पोट धरून हसतात तसं. मी जोक केले की ती नाकातून थोडा श्वास सोडते, तेवढीच माझी कमाई.

मी किल्लीने दार उघडलं.

हसणं थांबलं.

टेबलावर दोन प्लेट होत्या. तिची रिकामी. दुसरीतलं ऑम्लेट जसंच्या तसं. शेजारची खुर्ची अजून हलत होती...

"झाली धुवून?" तिने विचारलं. डोळ्यांतलं पाणी पुसत.

"काय जोक होता?"

"अरे तूच सांगितलास ना आत्ता! परत सांग ना."

मला सांगता आला नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला जोक मला माहीत नाही.

त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ती भीती नव्हती. भीती नंतर वाटली. आधी वाटली ती निव्वळ, स्वच्छ जळजळ. कुणीतरी माझ्या घरात येऊन मी होत होतं. आणि माझ्यापेक्षा चांगला मी होत होतं.

दुपारी मुंगीला बाजूला घेतलं.

"मुंगे, मी येण्याआधी घरी कोण येतं?"

"तू."

"आणि मग?"

"मग परत तू." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पण आधीचा बाबा वेण्या ओढत नाही."

"तो दिसतो कसा?"

"तुझ्यासारखाच. फक्त सायकलचा काळा चष्मा काढत नाही. आई म्हणते, छान दिसतो, राहू दे."

"मग काचेत तू दिसत असशील," मी म्हणालो. चष्म्याच्या धंद्यातला माणूस, काचेबद्दल विचारणारच.

"नाही. काचेत तू दिसतोस."

"मी?"

"लांब. छोटासा. टेकडीवर सायकल चालवतोस." तिने बिस्किटाचा तुकडा मोडला. "कधी पडतोस. मग तो हसतो."

मी हे सगळं ब्रेकफेलला सांगितलं. ब्रेकफेल म्हणजे माझा शर्यतीतला जोडीदार. पेशाने वायरमन आहे. नाव का पडलं ते त्याच्या पुढच्या दोन दातांना विचारा.

"म्हणजे भूत येतं," तो म्हणाला, "नळ दुरुस्त करतं, पोरीच्या वेण्या घालतं, जेवत नाही, आणि निघून जातं?"

"हो."

"माझ्याकडे पाठव ना भावा. आमच्या सासूबाईंचा मिक्सर बंद आहे."

"मी गंभीरपणे सांगतोय."

"मग वहिनीला सांग."

"काय सांगू? तू ज्याच्यावर खूश आहेस तो मी नाही?"

ब्रेकफेलने चेनला तेल घातलं. मग म्हणाला, "रविवारी लवकर जा ना घरी. वेळेवर. तहात ठरलंय तसं."

इतका सोपा उपाय मला सुचला नव्हता, कारण त्यात मला सुधारावं लागत होतं.

त्या रविवारी मी अर्ध्या चढावरूनच वळलो. जीव तोडून पॅडल मारले. माग नव्हता. खुर्ची हलत नव्हती. ऑम्लेट तव्यावरच होतं.

कुणीच आलं नव्हतं.

मी जिंकलो होतो. छाती फुगवून दारात उभा राहिलो.

बायकोने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. मग तिने माझे डोळे पाहिले. चष्मा नसलेले.

आणि हसू हळूच उतरलं...

"आज लवकर आलास," ती म्हणाली. ट्रेन चुकल्यावर म्हणतात त्या आवाजात.

मग आली वर्षाची मोठी शर्यत. टेकडीभोवती सहा फेऱ्या. आम्हा हौशींच्या शर्यतीत एक जागा ठरलेली असते, जिथे घरची माणसं उभी राहून धावत्या सायकलवर पाण्याची बाटली हातात देतात. यंदा बायको पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाली, "आम्ही येतो ना." मुंगीने बाटलीवर माझा नंबर रंगवला.

मला वाटलं, इथे तो येऊन येऊन काय करणार? इथे नळ नाही.

दुसऱ्या फेरीला घसा कोरडा पडला होता. पाण्याच्या जागी पोहोचलो. हात लांब केला.

दोघी रिकाम्या हाताने उभ्या होत्या.

"बाटली!"

"अरे, आत्ताच तर दिली!" बायको ओरडली. "पुढे चल, पुढे!"

मी पुढे पाहिलं.

पुढच्या वळणावर एक सायकलवाला होता. माझा शर्ट. माझं हेल्मेट. पाठीवर माझा नंबर.

खडीवरून जात होता तो. मागून येणाऱ्या सगळ्यांच्या चाकांखाली खडी करकरत होती. चेनी खडखडत होत्या.

त्याचा काहीच आवाज येत नव्हता...

मग मी काय केलं? जोराने हाणली. घरात एक वेळ ठीक आहे, वेण्यांत मी कच्चाच आहे. पण इथेही हा माझ्या पुढे? त्या जळजळीवर मी असा चढलो की चढाने तोंडात बोटं घातली असती. एकाला मागे टाकलं. आणखी दोघांना. पुढच्या प्रत्येक फेरीला बायको तेच ओरडायची, "आत्ताच दिली!" आणि प्रत्येक फेरीला तिचा आवाज जास्त आनंदी व्हायचा.

शेवटच्या फेरीत ब्रेकफेल कडेला बसला होता. नेहमीप्रमाणे, गुडघा धरून.

"तिसरा आहेस!" तो किंचाळला. "अरे मूर्खा, तिसरा आहेस तू!"

तिसरा. म्हणजे पदक. म्हणजे व्यासपीठ. माझ्या पुढे शर्यतीतले दोघेच होते.

आणि तो.

शेवटच्या उतारानंतर रस्ता सरळ शेवटच्या रेषेकडे जातो. उजव्या हाताला टेप लावलेली होती, आणि टेपेच्या पलीकडे गाड्या उभ्या केलेलं मैदान. तिथे बायको मुंगीला घेऊन, माझा टॉवेल आणायला, आमच्या गाडीकडे चालली होती.

तो रेषेकडे गेलाच नाही.

तो टेपेखालून वाकून उजवीकडे गेला. त्यांच्या मागोमाग. सावकाश. घरी निघालेल्या माणसासारखा.

टेप हललीसुद्धा नाही...

डावीकडे पदक होतं. लोक माझा नंबर ओरडत होते. माझा! मी एकच क्षण तिकडे पाहिलं. मग हँडल उजवीकडे मारलं. टेप माझ्या गळ्यात अडकून तुटली आणि ती पताकेसारखी मागे फडफडवत मी गाडीपाशी पोहोचलो.

तिथे कुणी नव्हतं. फक्त त्या दोघी.

बायको रडत होती. पण वाईट वाटल्यासारखं नाही. तिने मला बघितलं आणि घट्ट मिठी मारली. घामाने, चिखलाने भरलेल्या मला.

"असं कुणी बोलतं का रे," ती म्हणाली. "पदक नको, तुम्ही दोघी पुरे... असं कुणी म्हणतं का?"

मी असं म्हणालो नव्हतो. मी आयुष्यात असं काही म्हणालेलो नाही. मी फक्त तसं केलं होतं. म्हणाला तो होता.

मिठी मला मारली होती, पण पोहोचली त्याला.

मुंगी माझ्या मागे बघत होती. कुणाला तरी हळूच हात हलवत.

मी वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल भिंतीवर टांगली. शर्यती बंद. रविवारी मी घरी. वेळेवर काय, मी तिथेच! उशीरच झाला नाही तर तो येणार कसा? नाश्ता करतो, वेण्या घालतो, बायकोला जोक सांगतो. ती नाकातून श्वास सोडते.

पहिला रविवार बरा गेला. दुसऱ्याला ती दोनदा गॅलरीत जाऊन आली. तिसऱ्याला नळ पुन्हा ठिबकायला लागला. मी वायसर बदलला. तो आणखी जोरात ठिबकायला लागला.

"तू जरा जाऊन ये ना सायकलवर," ती म्हणाली. "परत आलास की किती वेगळा असतोस."

"मी आता नाही जात."

"अरे, पण मला आवडतं ना."

काल तिने सांगितलं, लांबच्या डोंगरातल्या शर्यतीत माझं नाव घातलंय. तीन दिवसांची आहे. जिने एका सकाळीवरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडण केलं, तिने स्वतः नाव घातलं. पिशवीही भरली. मोजे गुंडाळून ठेवले. गाणं गुणगुणत.

मी "नाही" म्हणू शकलो असतो. पण नाही म्हटल्यावर तिचा जो चेहरा होणार होता, तो मी एकदा पाहिलाय.

आणि घरी थांबलो तर रोज पाहावा लागेल.

मी हे जिन्यात बसून फोनवर लिहितोय. सकाळ आहे. छान ऊन आहे. खाली ब्रेकफेल गाडीचा हॉर्न वाजवतोय.

आत्ताच बायकोने दारात निरोप दिला. "सावकाश ये," म्हणाली. "अजिबात घाई करू नकोस."

मग दार लोटलं.

मी इतका वेळ इथे बसलोय...

अजून आतून कडी लावल्याचा आवाज आलेला नाही.