श्वासनळीवरचा चिमटा

आधी गाडी दिसली, मग चिखल, आणि चिखलाच्या आत कुठंतरी एक माणूस.

गाडी म्हणजे एटीव्ही. फुगीर चाकांची, बिनछपराची, ओढ्यातून, चढावरून, कुठूनही जाणारी. त्या दिवशी मात्र ती कुठूनच जात नव्हती. तो तिला ढकलत होता, पाऊस त्याला ढकलत होता, आणि वर्कशॉपच्या दारात दोघं थांबले तेव्हा त्याच्या पापण्यांनासुद्धा चिखल लागला होता.

वर्कशॉपची मिस्त्रीण दुसऱ्या एका गाडीखाली आडवी होती. तिला आधी चाकं दिसली, मग बूट.

"पाण्यात बंद पडली?"

"हो."

"त्यानंतर स्टार्टर मारलात?"

"एकदाच."

ती गाडीखालून बाहेर आली. चिंधीला हात पुसले. त्याच्याकडे पाहिलं, नुसतंच पाहिलं —

"...तीनदा," तो म्हणाला.

पाणी

इंजिनानं पाणी गिळलेलं असताना स्टार्टर मारायचा नसतो. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. मग आतला दांडा वाकतो आणि गाडी कायमची बसते. हे तिनं त्याला समजावलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला तुम्ही उठवून पळायला लावाल का.

तो म्हणाला, माणसांचं मला कळत नाही, मी गुरांचा डॉक्टर.

"मग गाईला लावाल?"

तो हसला. चिखलातून दात तेवढे दिसले.

तिनं स्पार्क प्लग काढला आणि त्याला मागं सरायला सांगितलं. डॉक्टर लोकांना मागं सरायची सवय नसते. तो उलट वाकून बघायला पुढं आला. तिनं बटण दाबलं. प्लगच्या भोकातून कारंजं उडालं ते थेट त्याच्या तोंडावर. चिखल ओघळला आणि खालून चेहरा निघाला.

बरा होता. बराच बरा होता... पण ते तिनं मनाच्या मागच्या फळीवर ठेवलं आणि पाना उचलला.

कोपऱ्यातल्या स्टुलावर वस्ताद बसले होते. वस्ताद म्हणजे तिचे वडील. तीस वर्षं त्यांनी इथं गाड्या उघडल्या आणि मिटल्या. गेल्या वर्षीपासून उजवं मनगट थरथरायला लागलं, आणि आता ते फक्त बघत. ते बघणंही काही कमी नव्हतं. त्यांनी डॉक्टरला आपादमस्तक न्याहाळलं आणि वर्कशॉपचा नियम ऐकवला: बुडालेल्या गाडीला तीन तेलं. एकदा भरायचं, चालवायचं, काढायचं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाचं स्वच्छ निघालं तरच गाडी उंबऱ्याबाहेर. डॉक्टरनं घाई आहे म्हणून सांगून पाहिलं, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गुरं आजारी होती. वस्ताद म्हणाले, घाई तुमची, हात आमचा.

आता, काय पणाला लागलं होतं ते

पुरात मदतीला जाणाऱ्या बचाव पथकाकडे अशा सहा गाड्या होत्या. त्यांची देखभाल या वर्कशॉपला मिळाली तर वर्कशॉप मुलीच्या नावानं चालणार. नाही मिळाली तर पावसाळा संपता संपता वस्ताद शटर ओढणार. हे ठरलेलं होतं, घरात जेवताना एकदाच बोललं गेलं होतं, आणि पुन्हा कुणी काढलं नव्हतं.

पथकाच्या प्रमुख बाई — सगळे त्यांना मॅडम म्हणत — सरळ बोलणाऱ्या. वस्तादांचा हात मी ओळखते, त्या म्हणाल्या होत्या. मुलीच्या हाताचं मला कुणीतरी सांगायला हवं. आणि डॉक्टरची बुडालेली गाडी मुलीनं हातात घेतल्याचं कळलं तेव्हा निरोप आला: गाडी कशी चालते ते डॉक्टरांनाच विचारीन.

म्हणजे हा माणूस नुसता गिऱ्हाईक नव्हता. परीक्षक होता. आणि त्याला ते कळलं होतं, आणि तिला ते कळलं होतं, आणि दोघंही ते कळलं नसल्यासारखं वागत होते.

तेल, पहिलं

दुधाळ. आत पाणी मिसळलेलं. कपात ओतलं असतं तर चहा म्हणून खपलं असतं.

तेल, दुसरं

जरा कमी दुधाळ.

तो रोज यायचा. गुरं तपासायला सायकलवरून लांबच्या पुलानं जायचा, आणि येताना वर्कशॉप वाटेत नसूनही वाटेत लागायचं. तिनं त्याला कामाला लावलं: एअर फिल्टर धुवायचा, सुकवायचा, पिळायचा मात्र नाही. बेल्टच्या डब्यातलं पाणी काढायचं. चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरायचं — जुनं, मातकट ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

एकदा ती लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकाच्या बेअरिंगला लावून, मूठ कानाला टेकवून ऐकत होती. त्यानं काही न बोलता आपला स्टेथोस्कोप तिच्या कानांत घातला आणि दुसरं टोक बेअरिंगवर धरलं.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, या माणसानं मला धुवायच्या फवाऱ्यानं झोडपलंय. ग्रीस गेलं, पाणी आलं."

"आणि मिस्त्रीणबाई काय म्हणतात?"

"मिस्त्रीणबाई म्हणतात, हात काढा. चाक फिरवायचंय."

त्यानं हात काढला. जरा उशिरा.

चिमटे

गाडीच्या गिअरच्या डब्यांनाही श्वास लागतो. डबा तापला की आतली हवा फुगते, थंड पाण्यात शिरला की आक्रसते. ती ये-जा व्हावी म्हणून प्रत्येक डब्याला एक बारीक रबरी नळी असते, वर सीटखाली उघडणारी. वर्कशॉपमध्ये तिला श्वासनळीच म्हणत. गाडी धुताना तिच्यात पाणी जाऊ नये म्हणून ती चिमट्यानं बंद करायची. तीन नळ्या, तीन चिमटे, प्रत्येकाला लाल फीत. काम झालं की चिमटे दाराजवळच्या खिळ्यावर. खिळ्यावर तीन दिसल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, ही वस्तादांची शिस्त. तीस वर्षांत ती एकदाही मोडली नव्हती, आणि मुलीला त्याचा अभिमान बापापेक्षा जास्त होता.

तेल, तिसरं

स्वच्छ. मधासारखं, उजेड आरपार जाईल असं.

तिनं गाडी धुतली, पुसली, सही घ्यायला जॉबकार्ड पुढं केलं. त्यावर 'तक्रार' असा एक रकाना होता. लोक तो रिकामाच सोडत. त्यानं तिथं बराच वेळ काहीतरी लिहिलं, कार्ड उलटं करून तिच्या हातात दिलं आणि गाडीवर बसला.

तिनं कार्ड सुलटं केलं.

*उद्या यायला आता काही कारण उरलं नाही.*

ती हसली. मोठ्यानं, मान मागं टाकून. वस्ताद स्टुलावर चमकून वळले, इतक्या मोठ्यानं. आणि हसत हसतच तिनं गाडीला मागून हात लावला आणि ती उंबऱ्याबाहेर काढून दिली.

खिळा

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावर दोन लाल फिती होत्या.

तिनं खाली पाहिलं. टेबलामागं पाहिलं. पाण्याच्या बादलीत हात घालून पाहिलं. मग ती उभी राहिली आणि कालचं सगळं काम डोळ्यांसमोर उलटं फिरवलं... मागच्या डब्याचा काढला, मधल्याचा काढला —

पुढचा.

पुढच्या डब्याची श्वासनळी बांधलेली होती, आणि डॉक्टर सकाळपासून ओढा पार करत असणार. तापलेला डबा थंड पाण्यात जाणार, आत हवा ओढायचा प्रयत्न करणार, वाट बंद. मग सांध्यातल्या रबरी सीलच्या फटीतून पाणीच आत ओढून घेणार. आजच मोडेल असं नव्हतं. महिन्याभरात दाते झिजून गिअरचा भुगा झाला असता, आणि तेव्हा कुणालाही वाटलं असतं, जुनीच गाडी, ओढ्यात चालवली, झालं.

म्हणजे कुणाला कळणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात 'सहज बघते' म्हणून गाडी बोलवायची, चिमटा काढायचा, तेल बदलायचं. बस्स.

वस्ताद खिळ्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"कुठल्या डब्याचा?"

"पुढच्या."

"फोन केलास?"

पलीकडच्या काठावर फोन लागत नव्हता. तिनं जे मनात होतं ते बोलून टाकलं: "बाबा, मॅडमना कळेल."

"कळेल," वस्ताद म्हणाले. "मग?"

तिनं तेलाचे दोन डबे, पाना आणि घमेलं वर्कशॉपच्या म्हाताऱ्या एटीव्हीवर बांधलं आणि निघाली.

ओढा

ओढ्यात थांबायचं नसतं. एकसारखा वेग, हात सोडायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. पाणी पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत आलं, चाकं क्षणभर तरंगली, पुन्हा टेकली. पुढं नुसता चिखल. ती पोचली तेव्हा कमरेपासून खाली तिचा रंग गाडीचाच झाला होता.

डॉक्टरची गाडी उभी होती तो गोठा एका मावशींचा. अंगणात आसपासची सगळी गुरं आणि त्यांची माणसं गोळा झाली होती, कारण लस टोचायची होती. आणि चारा घेऊन आलेलं बचाव पथकही तिथंच. आणि मॅडम. ओळखू येतील अशा, उंच, कमरेवर हात ठेवून, डॉक्टरच्या गाडीपासून दहा पावलांवर.

हातमोजे घालूनच डॉक्टर गोठ्यातून बाहेर आला, आणि तिला बघून त्याचा चेहरा असा काही उजळला की गोठ्यातल्या मावशींनी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे, मग मुद्दाम आभाळाकडे पाहिलं.

"मिळालं वाटतं कारण," तो हळूच म्हणाला.

किती सोपं होतं. हो म्हणायचं. गालात हसायचं, गाडीजवळ जायचं, सीट उचलायची, दोन बोटांत चिमटा — आणि खिशात. दहा पावलांवरून कुणाला काय दिसणार.

तिनं घसा साफ केला.

"डॉक्टर, माझी चूक झालीय. तुमच्या पुढच्या गिअरची श्वासनळी मी बांधलेलीच ठेवली. आत पाणी गेलं असणार." आणि मग, आवाज जरा वाढवून, कारण अर्धंच सांगायची तिला चीड होती: "मॅडम, तुम्हीही बघायला या."

घमेलं खाली सरकवून तिनं बोल्ट काढला. तेल आलं. दुधाळ.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "याचा तर चहा झालाय."

माणसं हसली. ती हसली नाही. तिनं चिमटा काढला, नवं तेल भरलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, काढलं, पुन्हा भरलं. सील चाचपून पाहिलं, धड होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं: चिमटे तीन असतात, मोजून गाडी सोडायची असते, मी मोजले नाहीत. का नाही, हे मॅडमनी विचारलं नाही. त्या डॉक्टरकडे वळल्या.

"तुम्हालाच विचारणार होते. सांगा आता. या मुलीच्या हाती गाड्या द्याव्यात का?"

त्यानं मोजे काढले. एक एक बोट करून, सावकाश.

"मला विचारू नका, मॅडम."

तिनं पाना घट्ट धरला आणि मान मात्र खाली घातली नाही.

"का बरं?"

"माझी साक्ष आता धरता येणार नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता; बघितलं असतं तर बोलणं जमलं नसतं. "मी या बाईंच्या प्रेमात पडलोय. यांनी गाडी दगडावर आपटली असती तरी मी चांगलीच चालते म्हटलं असतं. तेव्हा... माझं मत सोडा. जे आत्ता डोळ्यांनी बघितलंत तेच धरा."

गाईनं कान हलवले.

"सकाळपासून शीळ घालत टोचतोय," मावशी शेजारणीला म्हणाल्या. "मला वाटलं, गुरांना बरं वाटावं म्हणून."

मॅडमना हसू आलं असावं. त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नाही. त्या घमेल्यातल्या दुधाळ तेलाकडे बघत राहिल्या.

"सहा नाही देणार," शेवटी म्हणाल्या. "आधी दोन. ज्या सतत बंद पडतात आणि कुणालाच जमत नाहीत त्या."

"उद्या सकाळी पाठवा," ती म्हणाली. "आणि घ्यायला तुम्ही स्वतः या. मी तुमच्यासमोर मोजून देईन."

"येईन."

परत

हत्यारं बांधताना तो शेजारी येऊन उभा राहिला. तिनं वर न बघता विचारलं, हे सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती.

"तुम्ही बोललात ना सगळ्यांसमोर. त्यानंतर गप्प बसायची मला लाज वाटली."

तिनं दोरीची गाठ मारली. ती चुकली, पुन्हा मारली.

लस संपली, गुरं पांगली, आणि दोघं निघाले. तिनं त्याला बजावलं, माझ्या चाकांच्या खुणेवरूनच यायचं, आणि पाण्यात काहीही विचारायचं नाही. ओढ्यात उतरल्यावर मागून त्याचा आवाज आलाच, उत्तर काय म्हणून. ती वळली नाही. पाठ ताठ, हात स्थिर, नजर काठावर.

काठ आला. चढावर तिनं गाडी बंद केली आणि तो शेजारी येईपर्यंत थांबली.

"बाबांना सांगायचं कुणी?" ती म्हणाली. "तुम्ही की मी?"

हेच उत्तर आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो तोंडभर हसला.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुम्हाला खरं बोलायची सवय आहे."

"सवय नाही हो. आजच लागलीय. अजून हात कापतायत, बघा."

तिनं हात पुढं केला. त्यानं तो बघितला, आणि मग नुसता बघत न राहता धरला. तिनं सोडवून घेतला नाही. मग किल्ली फिरवायला हात लागतो म्हणून घेतला.

दोन्ही गाड्या रस्त्याला लागल्या. ती पुढं, तो मागं, चिखलानं बरबटलेले, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.