भाईदासची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी नवनीत मास्तर रनाळ्याच्या बाजारातून लाल मातीची एक घागर घेऊन आले. "कोणासाठी?" असं कुंभारणीनं विचारलं, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खानदेशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाची घागर भरतात, त्याच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतात. नाही भरली तर तो वर्षभर तहानलेला राहतो. आणि भरली, म्हणजे तो गेला हे घरानं कबूल केलं. म्हणूनच मास्तरांच्या आईनं, भिकुबाईनं, धाकट्या भाईदासची घागर सात वर्षं भरू दिली नव्हती.

भाईदास क्रेन चालवायचा. तोरणमाळच्या पठारावर आकाशातून काहीतरी पडलं, तेव्हा ते उचलायला साहेबलोक त्याला घेऊन गेले. घाटातून त्याचा फोन आला होता. "भाऊ, ताडपत्रीखाल काय शे, कोणी सांगत नई. हात लावा तर गार नई, गरम नई... काहीच लागत नई." मग फोन बंद झाला. क्रेन परतली नाही, भाईदासही नाही.

मास्तरांनी सात वर्षं पिच्छा पुरवला. माहितीच्या अधिकारात अर्ज केले, अपिलं केली, पठारावर हिंडून जबाब लिहून घेतले. गाव त्यांना 'तबकडी मास्तर' म्हणून चिडवायला लागलं. परवा शेवटचं उत्तर आलं. अशी कोणतीही वस्तू पडलेली नाही, क्रेन मागवलेली नाही, या नावाची व्यक्ती आलेली नाही. ते वाचून मास्तरांचं अवसानच गळालं.

"माय, बस झायं आते," ते म्हणाले.

भिकुबाईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "भर मंग. सात वरीस पानी नई भेटनं त्याले, तीस लागेल व्हई."

भर दुपारी घागर भरली. मास्तरांनी तुपाचा घास निखाऱ्यावर टाकला आणि भावाचं नाव घेतलं. जळक्या तुपाचा वास घरभर झाला. वारा पडलेला होता, तरी धूर जमिनीलगत सरपटत दाराकडे निघाला. बाहेर उन्हात एकही कावळा ओरडत नव्हता.

तेवढ्यात शेजारचे हिंमतराव धापा टाकत अंगणात आले. तोंडभर हसत होते.

"वहिनी, देख कोन उना! आपला भाईदास. फाट्यावर उतरना, सरळ घर ली उनू."

मायलेक धावत बाहेर आली. हिंमतरावांच्या शेजारी कोणीच नव्हतं.

"कोठे शे?" मास्तरांनी विचारलं.

"असं काय करतस? हाऊ काय, मन्हाजोडे..." बोलता बोलता त्यांची नजर दारातून आत, घागरीवर गेली. हसू मावळलं. "तुम्हीन... भरी टाकी?"

मास्तरांनी दाराची चौकट धरली. सरकार सात वर्षं नाही म्हणत होतं, त्यानं भावाचं काही बिघडलं नव्हतं. आज घरानं नाही म्हटलं होतं, आणि ते त्यांनीच आपल्या तोंडानं म्हटलं होतं.

"तो रडी ऱ्हायना," हिंमतराव हलक्या आवाजात म्हणाले. "इचारी ऱ्हायना... मायले मी दिखत नई का?"

भिकुबाईनं पदरानं डोळे कोरडे केले. रिकाम्या अंगणाकडे बघून ती हसली.

"दिखस ना बेटा, दिखस. किती वाळी गया रे..."

हिंमतरावांनी तिचा खांदा धरला, आणि तिला हळूच जरा डावीकडे वळवलं.