रिकाम्या खुर्चीची तार

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. तेव्हा मेंदूचा आलेख काढायचं यंत्र कपाटाएवढं असे, आणि ते सुरू झालं की लेखण्यांच्या खरखरीने खोली भरून जाई. इस्पितळात ते यंत्र ताई चालवायची. वयाने काही फार मोठी नव्हती, पण धाकट्या भावाने लहानपणी घातलेली हाक वॉर्डातल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी उचलली होती.

आणि त्या वर्षी तो भाऊच, चिमण, तिच्या यंत्राखाली आला. घरं रंगवायचं काम करायचा. शिडीवरून पडला. हाडं जुळली, जखमा भरल्या, पण माणूस काही परत येईना. डोळे उघडे, नजर मात्र कुठेच लागायची नाही. मोठे डॉक्टर ताईला म्हणाले, "महिनाअखेर पाहू. नाहीतर त्याला शुश्रूषागृहात हलवावं लागेल." तिथे अंग पुसतात, कूस बदलतात, पण रोजचा व्यायाम, हाका, काही नाही. तिथे गेलेलं कोणी परत आल्याचं ताईच्या ऐकिवात नव्हतं.

त्याच सुमारास इस्पितळात एक गणिताचे प्राध्यापक यायचे. मावशींनी त्यांचं नाव आकडेमोडे ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "ताई, समजा दोन घरं आहेत. मधे रस्ता दिसत नाही. पण एकात दिवा लागला की दुसऱ्यात लागतो, विझला की विझतो. मग काय समजायचं?"

"त्यांचं आतून काहीतरी बोलणं आहे."

"बस. मेंदूत मी तेवढंच मोजतो."

आलेखातले आकडे घेऊन त्यांचा संगणक कागदावर डोक्याची आकृती काढायचा. डोक्याला चिकटवलेल्या प्रत्येक तारेचं एक टिंब, आणि जी टिंबं एकमेकांच्या तालावर चढत-उतरत, त्यांच्यामधे रेघ. धडधाकट माणसाच्या डोक्यात रेघांचं जाळं उमटे. चिमणच्या डोक्यात नुसती टिंबं. पाऊस थांबल्यावर काचेवर थेंब राहावेत तशी, सुटी सुटी.

ताईची कामाची एक पद्धत होती. सोळापैकी शेवटची तार ती रोग्याला लावतच नसे. खाटेच्या डाव्या बाजूला पाहुण्यांसाठी लोखंडी खुर्ची होती, तिच्या हाताला ती चिमट्याने अडकवायची. खोलीतल्या दिव्या-पंख्यांची गुणगुण त्या तारेवर येई, म्हणजे रोग्याच्या आलेखात मिसळलेली गुणगुण ओळखता येई. हिशेबाआधी त्या तारेचे आकडे बाजूला काढायचे, हे ठरलेलं. त्या दिवशी चिमणच्या काळजीत ताई ते सांगायला विसरली.

आकडेमोडे कागद घेऊन आले. "ही सोळावी तार कुठे लावलीत?"

चिमणची टिंबं तशीच सुटी होती. पण प्रत्येकातून एक जाड रेघ निघून त्या सोळाव्या टिंबाला मिळाली होती.

"खुर्चीला," ताई म्हणाली.

"मग ही पंख्याची गुणगुण."

त्यांनी पंखा बंद केला. दिवे घालवले. रेघा जाईनात. तार खिडकीच्या गजाला लावली, तर एकही रेघ नाही. पुन्हा खुर्चीला लावली, पुन्हा सगळ्या. शेवटी त्यांनी मावशींना खुर्चीत बसवलं.

"मला शॉक देऊ नका हो, घरी स्वयंपाक व्हायचाय!"

मावशी बसल्या आणि रेघा पुसल्या गेल्या. उठल्या, तशा परत आल्या.

मावशींनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. बादली उचलली आणि बाहेर गेल्या.

मोठे डॉक्टर हसले. "खुर्चीशी जोडलेला मेंदू! उद्या टेबलालाही दाखल करून घेऊ?" मग ताईचा चेहरा पाहून म्हणाले, "बरं, आणखी एक महिना. त्यापुढे मात्र मला विचारू नका."

ताईने खुर्चीवर कोणाला बसू दिलं नाही. स्वतः उभी राहून चिमणच्या पायांना व्यायाम द्यायची.

एका दुपारी आकडेमोडे दोन आलेख एकावर एक धरून खिडकीशी उभे होते. बराच वेळ.

"काय झालं?"

"दोन्ही एकाच वेळी नाही चढत, ताई. आधी खुर्ची चढते. मग चिमण."

लहान मूल बोट धरून चालतं, तसं. ताईच्या मनात आलं.

हळूहळू टिंबाटिंबांत बारीक रेघा दिसू लागल्या. जसजशा त्या वाढल्या, तसतशा खुर्चीकडच्या फिकट झाल्या.

एके सकाळी खुर्चीकडे एकही रेघ नव्हती.

त्याच सकाळी ताई चिमणच्या पायाशी होती. तो म्हणाला, "ताई, टाचेला गुदगुल्या होतायत."

पुढे मोठे डॉक्टर निवृत्त झाले. ती खुर्ची भंगारात द्यायचा विषय निघाला, तेव्हा त्यांनीच ती जाऊ दिली नव्हती, कारण न सांगता. आकडेमोड्यांनी पुष्कळ शोधनिबंध लिहिले, पण त्या खुर्चीवर एक ओळही नाही. लग्न त्यांनी ताईशी केलं. मावशी अक्षता टाकताना म्हणाल्या, "ह्या रेघेला काही यंत्र लागलं नाही!" मावशी भरल्या घरात, म्हातारपणाने गेल्या.

चिमण पुन्हा रंगकामाला लागला. संसार केला, आता नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरतो. बोलण्यात खोट नाही, स्मरणात खोट नाही. फक्त काही बोलायच्या आधी तो पळभर थांबतो आणि त्याची मान किंचित डावीकडे कलते. लोक म्हणतात, किती विचार करून बोलणारा माणूस!

मागे एकदा जेवताना ताईला राहवलं नाही. "चिमण्या, बोलायच्या आधी काय ऐकतोस रे?"

तो थांबला. मान कलली. मग नेहमीसारखं गोड हसून म्हणाला,

"'काही नाही' असं सांग, म्हणतात."