चेटूक उतरतं तो सीन

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर मी हिला जरा बरा शेवट दिला असता.

माझी मावसबहीण दातांची डॉक्टर. तिने एका विधुराशी लग्न केलं. ओळख दवाखान्यातलीच. तो पहिल्या बायकोला दाढ दाखवायला घेऊन यायचा. दाढ वाचली. बाई पुढे तापाने गेली.

लग्नाला चार वर्षं झाली होती. रविवारची दुपार, तिसरा मजला, लख्ख ऊन. भुताला अजिबात न शोभणारी वेळ.

नवऱ्याने टीव्हीवर एक जुना, कृष्णधवल, विनोदी सिनेमा लावला. एक चेटकीण एका खडूस पोस्टमनवर चेटूक करते आणि तो तिच्यामागे वेडा होतो, अशी गोष्ट. पहिल्या बायकोचा हा सिनेमा म्हणजे जीव की प्राण.

"तिच्याबरोबर बघायचास ना तू हा?" बहिणीने विचारलं.

"अगं, सिनेमा आहे तो. सवत नाही."

पहिला विनोद आला. दोघं हसली.

पण त्याआधी... कुणीतरी हसलं होतं.

क्षणभरच आधी. विनोद पाठ असलेलं माणूस हसतं तसं.

"शेजारचे असतील," तो म्हणाला.

शेजारचे गावाला गेले होते. त्यांच्या कुंड्यांना पाणी हीच घालत होती.

पुढच्या विनोदालाही तेच. हसू आता सोफ्याच्या मागे होतं... अगदी मानेजवळ.

तिने वळून पाहिलं. नुसती भिंत.

"बंद कर ना रे."

"थांब गं. चेटूक उतरतं तो सीन आलाच. खरी मजा त्यातच आहे."

पडद्यावर चेटकिणीने चुटकी वाजवली. पोस्टमन भानावर आला. सिनेमात तो तरीही तिचाच राहतो. म्हणून तर सिनेमा विनोदी.

मग... खोलीतही एक चुटकी वाजली.

या वेळी कुणीच हसलं नाही.

नवरा वळला. तिला पाहून त्याने टीपॉयवरचे पाय खाली घेतले. शर्ट नीट केला.

"अरे, डॉक्टर! तुम्ही कधी आलात? सॉरी हं, सिनेमात रमलो होतो. बरं झालं आलात, हिची दाढ पुन्हा ठणकतेय." आणि आत तोंड करून ओरडला, "अगं, चहा टाक. डॉक्टर आल्यात!"

आत... लायटर वाजला. गॅस पेटला.

पुढे त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदू उत्तम. ऑफिसातल्या साहेबांचा वाढदिवससुद्धा लक्षात आहे. फक्त ही चार वर्षांची बायको तेवढी नाही. लग्नाचे फोटो दाखवले, तर कौतुकाने बघत म्हणाला, "छान आलेत हो. काय करतात मिस्टर तुमचे?"

बहीण हल्ली आमच्याकडेच असते. दवाखाना नियमित चालू आहे. त्या हसण्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. त्या घरात आता चहा कोण करतं, हेही विचारत नाही.

फक्त जेवताना मध्येच हात थांबवते आणि मला विचारते.

"मी तर त्याच्यावर काही केलंच नव्हतं रे... मग उतरलं काय?"