सातवी खूण

आमच्या तुकडीत हाताच्या खुणा सहाच होत्या. इंजिनाच्या धडधडाटात माणूस कितीही ओरडला तरी शेजारच्या विमानात काय, स्वतःलाही ऐकू येत नाही. म्हणून मीच त्या ठरवून, कागदावर काढून जेवणघराच्या दारावर चिकटवल्या होत्या. मूठ वर केली की जवळ या. टोपीवर थापटी मारली की इंजिन बिघडलंय, मी परततोय. आणि एक नियम होता: खूण दिसली की उत्तरादाखल तीच करून दाखवायची, समजली असो वा नसो. निदान दिसली एवढं तरी कळतं. या नियमाचा मला भारी अभिमान होता. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

१९१७चा मार्च. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातल्या आमच्या मैदानावर पांढऱ्या मातीचा चिखल, तंबूंना इंजिनात घालायच्या एरंडेलाचा वास. एका सकाळच्या गस्तीवरून आमचा वैमानिक लगाल परतला नाही. व्हेर्दिए त्याच्या बाजूलाच उडत होता. सूप ढवळत तो म्हणाला, "कॅप्टन, त्यानं खूण केली. आपल्या कागदावरची नव्हे. तळहात आभाळाकडे, आणि करंगळीपासून एकेक बोट तो मिटत गेला."

"जाड हातमोज्यात बोटं मिटलेली दिसली तुला?"

"हातमोजा नव्हता. उघडा हात होता."

चार हजार मीटरवर उघडा हात मिनिटभरात लाकडासारखा होतो. मी हसलो. "मग तू काय केलंस?"

"काय करणार? नियमाप्रमाणे उत्तरादाखल तीच केली. मग तो ढगात शिरला."

तिसऱ्या दिवशी व्हेर्दिए गेला. या वेळी मी पाहिलं. त्याच्या उजवीकडे कुणीच नव्हतं, तरी तो तिकडे पाहत होता. मग तो आमच्याकडे वळला, उघडा हात बाहेर काढला आणि बोटं मिटली. माझी मशीनगन अडकली होती, दोन्ही हात तिच्यात होते. उत्तर दिलं ते पास्कोनं. रविवारी पास्को गेला.

डॉक्टर म्हणाले, उंचावर हवा विरळ असते, डोकं बधिर होतं. मलाही ते पटलं. तरी मी दारावरचा कागद फाडला.

त्याच आठवड्यात तिबो आमच्याकडे आला. माझ्या बायकोचा, सोलांजचा, धाकटा भाऊ. दोन थोरले वर्दँच्या लढाईत मारले गेलेले, हा शेवटचा. सासूबाईंच्या पत्रात एकच ओळ होती: याला तरी परत आणा.

"ही खूण दिसली तर मान फिरव," मी त्याला बजावलं. "उत्तर द्यायचं नाही."

"अहो दाजी, कुणी हात केला तर आपण हात करतो. आईनं एवढं तरी शिकवलंय."

"हसू नकोस, गाढवा."

"आणि तुम्हीच केलीत तर?"

"मी करणार नाही."

पहिली गस्त निर्विघ्न झाली. त्याचं विमान अलगद उतरताना पाहून मला रडूच आलं. तो उडी मारून खाली आला, हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

"झाली ना परीक्षा? दोनदा मान फिरवली मी. पण तिसऱ्यांदा तुम्ही अगदी पंखाला पंख लावून आलात. इतकं काय ते! शेवटी दिलं उत्तर."

"मी तुझ्या जवळ आलोच नाही, तिबो."

"दाजी, तुमचा हात उघडा होता. बोटं निळी पडली होती."

मी दोन्ही हात पुढे केले. हातमोज्यांच्या नाड्या मनगटाशी अजून बांधलेल्याच होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव उड्डाणाच्या यादीतून खोडलं. त्याला उन्हात खुर्ची टाकून दिली. मुख्य मेकॅनिक ब्रिसोला सांगितलं, काहीही होवो, याला विमान द्यायचं नाही. आणि मी उडालो.

साडेअकराला उतरलो.

खुर्ची रिकामी होती. गवतात कॉफीचा वाडगा, वर साय धरलेली.

ब्रिसो धावत आला. "साहेब, तुम्हीच बोलावलंत ना त्यांना? तुमचं विमान किती वेळ वर घिरट्या घालत होतं. हात बाहेर काढून. विमानावर तुमचाच आकडा होता, साहेब, आम्ही सगळ्यांनी वाचला. म्हणून दिलं विमान."

मी तेव्हा वीस मैलांवर होतो. सासूबाईंना आता काय लिहू, एवढंच डोक्यात होतं.

"फार गोड पोरगं," ब्रिसो म्हणाला. "धावत्या विमानातून वळून आमचा निरोपसुद्धा घेतला त्यानं. असा..."

त्याचा तळहात वर वळला. मी तो दोन्ही हातांनी पकडला. त्याची करंगळी माझ्या मुठीत हलत होती.

"तुम्ही काय केलंत, ब्रिसो?"

"काय करणार साहेब? मी आणि माझे दहा जण, सगळ्यांनी तसाच हात केला."

जेवणाची घंटा झाली होती. त्याचे लोक पंपापाशी बाह्या सारून हात धूत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते.

मी दोनदा मोजले. नऊ होते.